जावयाची जर्मन तारीख

लोक जर्मनीला किल्ले बघायला जातात. मी जावयाची केस बघायला गेलो. किल्ले मलाही दिसले, पण ट्रेनच्या खिडकीतून, आणि त्या वेळी मी दशमी खाण्यात गुंतलो होतो. त्यामुळे किल्ल्यांचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी आमच्या समोरच्या जोश्यांकडे जावं. ते टूर कंपनीबरोबर जाऊन आलेत आणि सगळे फोटो दाखवल्याशिवाय चहा देत नाहीत.

माझं उभं आयुष्य नाशिकच्या दिवाणी कोर्टात गेलं. बांधाची भांडणं, विहिरीतला हिस्सा, भाडेकरूची हकालपट्टी. तारीख म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे माझी मुलगी केतकी जेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, निखिलची कोर्टात तारीख लागलीय, तुम्ही या," तेव्हा मी विचारलं, "पुढची कधी?" ती म्हणाली, "पुढची नाहीये, एकच आहे." मला हसूच आलं. एका तारखेत निकाल म्हणजे लग्नातला खेळ झाला, कोर्ट कसलं!

मामला असा. निखिलराव, म्हणजे आमचे जावई, गाड्यांचे ब्रेक तपासायची यंत्रं बनवणारे इंजिनीअर. दोन वर्षं होत आली त्यांना स्टुटगार्टकडे जाऊन. मध्यंतरी कंपनीनं त्यांचा अख्खा विभागच बंद केला. आता तिथली राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की परदेशी नागरिकांचं ऑफिस, त्याला ते लोक आउसलेंडरबेहोर्डं म्हणतात आणि म्हणताना घसा साफ झाल्यासारखा वाटतो, ते तुम्हाला बोलावतं. हाकलण्याआधी ऐकून घ्यायचं, असा कायदा आहे. निखिलरावांनाही बोलावलं. फ्राऊ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाईंनी, विचारलं, "तुमच्या परवानगीची मुदत कमी करायचा आमचा विचार आहे. विरोधात काही सांगायचंय? नवीन नोकरीचं काही चाललंय? कुटुंबाची काही अडचण?"

निखिलराव म्हणाले, "नाही, काही नाही. तुम्ही योग्य तेच कराल."

कपाळ माझं! त्याच आठवड्यात एका छोट्या कंपनीत त्यांच्या मुलाखतीच्या फेऱ्या चालू होत्या, शेवटची तेवढी राहिली होती. पण पक्कं झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, आधी बोललं की बिनसतं, दृष्ट लागते, ही आपल्याकडची शिकवण. निगडीहून त्यांच्या मातोश्रींनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "कुण्णाला बोलू नकोस हं अजून." मुलगा गुणी. ज्या बाईच्या हातात त्याचं सगळं भवितव्य होतं, तिलाही बोलला नाही. बाईंनी लिहून घेतलं की संबंधित व्यक्तीची हरकत नाही, आणि निर्णय दिला: देश सोडा. मग काही दिवसांनी नोकरी पक्की झाली. निखिलराव आनंदानं सांगायला गेले, तर उत्तर मिळालं की निर्णय झालेला आहे, विरोधात कुठे जायचं ते निर्णयाच्या तळाशी लिहिलंय. खरंच लिहिलेलं असतं हो! आमच्या निर्णयाविरुद्ध अमक्या कोर्टात, इतक्या मुदतीत जावे. नवी कंपनी म्हणत होती, माणूस हवाय, पण आधी परवानगी दाखवा. सगळं त्या एका तारखेवर अडकलं होतं.

आता मनातलं सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही. मला ही केस हरलेली हवी होती. अंबडच्या एमआयडीसीत माझ्या एका अशिलाचा कारखाना आहे, तिथे निखिलरावांसाठी बोलून ठेवलं होतं. नातीच्या, इराच्या, शाळेचंही बघून ठेवलं होतं. विमानात बसलो तेव्हा जगाला दाखवायला मी मदतीला निघालो होतो आणि मनातून त्यांना घेऊन यायला.

स्टुटगार्टजवळचं एक गाव

गावाचं नाव लिहीत नाही. वकील आहे, उगाच कुणाच्या ऑफिसाचं नाव छापून नवी केस अंगावर घेणार नाही. एस-बान नावाची लोकलगाडी तिथे जाते आणि वेळेवर जाते, असं मला घरून निघताना चारजणांनी सांगितलं होतं. त्या चौघांना माझा निरोप आहे: गाडी उशिरा आली, मग वेगळ्याच फलाटावर आली, आणि फलाटावरचा एकही माणूस बोंबलला नाही. सगळे शिस्तीत उभे राहून मनातल्या मनात जळत होते.

गाव मात्र देखणं. चढच चढ, आणि चढांवर द्राक्षाच्या बागा. मी नाशिकचा, मला द्राक्षाचं कौतुक कोण सांगणार, पण इतक्या उभ्या उतारावर बाग लावणारा माणूस एक तर वेडा असावा नाही तर कर्जबाजारी. केतकी म्हणाली, "बाबा, शेकडो वर्षं लावतायत." म्हटलं, मग वेडेच.

पहिल्याच सकाळी मी गुन्हा केला. रस्ता रिकामा होता. लांबपर्यंत गाडी नाही, सायकल नाही, कुत्रंसुद्धा नाही. माणसासाठीचा दिवा लाल होता, पण मी गेली साठ वर्षं रस्ते ओलांडतोय, दिव्याला विचारून नाही. पलीकडे पोचलो तर एक आजीबाई माझी वाटच बघत होत्या. जर्मनमध्ये त्यांनी मला जे सुनावलं त्यातलं "किंडर" एवढं कळलं, म्हणजे लहान मुलं बघतात आणि शिकतात. मूल एकही नव्हतं. नोटीस नाही, सुनावणी नाही, थेट शिक्षा! ह्या देशात हाकलण्याआधी ऐकून घेतात, पण रस्ता ओलांडल्यावर ऐकून घेत नाहीत.

दुसरा प्रकार केअरवॉखेचा. ह्या भागात एक रीत आहे. घराच्या दाराला एक पाटी येऊन लटकते, आणि ज्याच्या दारात पाटी त्यानं त्या आठवड्यात अख्ख्या इमारतीचा जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फुटपाथसुद्धा. आमची पाळी नेमकी मी गेल्यावर आली. निखिलराव बादली घेऊन निघाले. मी म्हटलं, "अहो निखिलराव, ज्या देशानं तुम्हाला चालतं व्हा म्हटलंय त्याचा जिना पुसताय?"

ते म्हणाले, "बाबा, पाळी आहे ना आपली."

"कोर्टाला सांगा की मग हे! परवानगी संपत आली तरी जिना चकचकीत ठेवतो म्हणावं."

"असं कसं सांगणार?" म्हणाले आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. वरच्या पायरीपासून पुसायचं असतं, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. निखिलराव "या, या, गेनाऊ" म्हणत, म्हणजे हो हो, अगदी बरोबर म्हणत, वर गेले आणि पुन्हा पहिल्यापासून पुसत आले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस कोर्टात काय दिवे लावणार ते मला तिथेच कळलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

इरा पहिलीत आहे. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "इरा, नाशिकला येणार का आजोबांबरोबर?" "नाइन," म्हणायची आणि खेळायला जायची. मी केतकीला विचारलं, नऊ काय नऊ? ती म्हणाली, "नाही म्हणतेय ती, बाबा." लहान आहे, तिला काय कळतंय, असं मी मनाशी म्हटलं.

वकीलबाईंकडे

वकील शहरात. फ्राऊ आयदिन. त्यांचे वडील तुर्कस्तानातून कारखान्यात कामाला आले होते, बाई इथेच जन्मलेल्या. चाळिशीच्या, पायात स्पोर्ट्‌स शूज, आणि ऑफिसात एकही धूळ खाणारा गठ्ठा नाही. अशा वकिलावर माझा एकदम विश्वास बसत नाही. पण नाशिकचा चिवडा पुढे केला तर इतर जर्मनांसारखं "ह्यात काय काय आहे" असं विचारलं नाही, थेट मूठभर घेतला, तेव्हा जरा बरं मत झालं. आमचं बोलणं इंग्रजीत.

मी जाताना तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "युरोपचा मानवी हक्कांचा एवढा मोठा करार आहे. त्यात न्याय्य सुनावणीचा हक्क आहे. तो टाका की तोंडावर."

बाई म्हणाल्या, "सुनावणीचा तो हक्क परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याच्या प्रकरणांना लागू होत नाही."

"कोण म्हणतं?"

"मानवी हक्कांचं कोर्टच म्हणतं. स्ट्रासबुर्गचं."

मी चष्मा काढून पुसला. म्हणजे शेजाऱ्याच्या कुंपणावरून भांडण झालं तर न्याय्य सुनावणी, आणि बायकोमुलांसकट देशातून उचलून बाहेर ठेवायचं असेल तर त्याला ते कलम नाही. वा! आमच्या राज्यघटनेत जीविताचं आणि स्वातंत्र्याचं कलम "कोणत्याही व्यक्तीला" असं म्हणतं, परक्यालाही. आता प्रत्यक्षात काय होतं ते विचारू नका, मी कागदाबद्दल बोलतोय. कागदावर आम्ही फार उदार आहोत.

"ह्यासाठी वेगळा जोडकरार आहे," बाई म्हणाल्या. "कायद्यानं राहणाऱ्या परदेशी माणसाला काढायचं तर त्याचं म्हणणं ऐका, निर्णय पुन्हा तपासून घेऊ द्या, त्याच्या वतीनं कुणाला तरी बोलू द्या."

"हे झकास! मग तो टाका."

"जर्मनीनं त्यावर सही केलीय. पण पुढची मंजुरी अजून दिलेली नाही."

"म्हणजे साखरपुडा झाला आणि लग्न नाही?"

बाई इतक्या हसल्या की चिवडा घशात अडकला. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. करारात कौटुंबिक आणि खासगी जीवनाचं कलम आहे, ते परदेशी माणसालाही लागू आहे, आणि ते मोडताना माणसाचं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय इथला साधा प्रशासकीय कायदाच म्हणतो, निर्णयाआधी ऐका. आपला मुद्दा एवढाच आहे, की ह्यांचं खरंच ऐकलं गेलं का? दुभाषी नव्हता, जर्मन ऑफिसातली भाषा होती."

"पण मला जर्मन कळत होतं," निखिलराव हळूच म्हणाले. "त्यांनी दोनदा विचारलं. त्यांची चूक नाहीये खरं तर."

मी टेबलावर हात आपटला. अहो, स्वतःच्या वकिलासमोर स्वतःच्या विरुद्ध साक्ष! केतकीनं डोळे मिटून घेतले. फ्राऊ आयदिन मात्र शांत होत्या. त्यांनी विचारलं, "मग सांगितलं का नाही?" निखिलरावांनी माझ्याकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तसं काही नाही." बाई म्हणाल्या, "न्यायाधीश हेच विचारणार. तुमच्याऐवजी मी उत्तर देऊ शकत नाही. मी दुभाषी मागवलाय. तुमच्या भाषेत तरी बोला."

बाहेर पडून आम्ही जेवायला बसलो. ह्या भागाचं खास जेवण म्हणजे मसुराच्या डाळीत पिठाच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेवया. वर सॉसेज ठेवतात, ते मी बाजूला ठेवायला सांगितलं. पहिला घास घेतला आणि म्हटलं, ही तर वरणफळं! लिंबू, तूप आणि कढीपत्त्याची फोडणी तेवढी विसरलेत. ते लोक वर व्हिनेगर ओततात. मी वेटरकडे लिंबू मागितलं, तो चहा घेऊन आला. असो, पोट भरलं.

केल, ऱ्हाइनच्या अलीकडे

तारखेच्या आधीच्या शनिवारी केतकीचा वर्ग होता. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिची भारतातली पदवी जर्मनीत मान्य व्हायला परीक्षा द्यायची आहे, त्याचा वर्ग. मी म्हटलं, "निखिलराव, ते स्ट्रासबुर्गचं कोर्ट तरी दाखवा. आयुष्यभर कोर्टात राहिलो, सगळ्यात मोठ्या कोर्टाची पायरी बघतो."

स्ट्रासबुर्ग फ्रान्समध्ये, नदीपलीकडे. अलीकडच्या काठावर केल नावाचं जर्मन गाव. तिथे उतरलो. नदीवर पायी चालायचा झोकदार पूल आहे, मध्ये चौकी नाही, शिपाई नाही. लोक इकडून तिकडे सायकलवर ब्रेड आणायला जातात. मी पुलावर पाय ठेवला आणि मागे पाहिलं तर निखिलराव काठावरच उभे.

"बाबा, तुम्ही जाऊन या. मी नाही येत. माझे कागद सध्या असे लटकलेले आहेत, मी देशाबाहेर पाऊल न टाकलेलं बरं, असं फ्राऊ आयदिन म्हणाल्यात."

घ्या! ज्या माणसासाठी ते मानवी हक्कांचं कोर्ट उभारलं, त्याच्याशिवाय बाकी सगळ्यांना तिथे जाता येत होतं. कुत्री घेऊन लोक चालले होते. मग मीही गेलो नाही. काठावरच्या बाकावर बसून आम्ही ब्रेझेल नावाचा मीठ लावलेला, वेढ्यासारखा पाव खाल्ला. नदी मोठी, गढूळ, तिच्यातून मालवाहू बोटी कामावर निघाल्यासारख्या जात होत्या.

मला ती वेळ चांगली वाटली, म्हणून मी नाशिकचा विषय काढला. अंबडचा कारखाना, पगार, घराजवळची शाळा, केतकीच्या आईची गुडघेदुखी. निखिलराव ऐकत होते. "हो बाबा," "बरोबर आहे बाबा." मध्येच त्यांनी एकदा तोंड उघडलं, "बाबा, मला एक..." पण मी तेव्हा शाळेच्या बसबद्दल सांगत होतो. माझं झाल्यावर म्हटलं, "तुम्ही काही म्हणत होतात?" ते म्हणाले, "नाही, काही नाही."

परत येताना गाडीत मी खुशीत होतो. जावई राजी आहेत, असं मी नाशिकला फोन करून सांगूनही टाकलं.

तारीख

कोर्ट म्हणजे स्वच्छ, पांढरं, दवाखान्यासारखं. काळे कोट झुंडीनं फिरत नव्हते, टंकलेखक नव्हते, चहावाला नव्हता. बाहेर पाटीवर आमची वेळ लिहिलेली आणि त्या वेळेला खरोखर पुकारा झाला. मी मनानं तयारच नव्हतो, मी दुपारचा डबा घेऊन गेलो होतो! न्यायाधीश हातात सायकलचं हेल्मेट घेऊन आले, आत जाऊन झगा चढवून बाहेर आले. एकटेच. एका बाजूला निखिलराव, केतकी आणि फ्राऊ आयदिन. समोर फ्राऊ क्रेमर. मी त्यांना राक्षसीण समजत होतो, तर निघाल्या एक दमलेल्या, सर्दी झालेल्या बाई, हातात रुमाल. मध्ये दुभाषी, देवधरबाई. मूळच्या गिरगावच्या, कित्येक वर्षं बर्लिनमध्ये. बर्लिनहून पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या आणि गाडीला उशीर झाल्यामुळे भयंकर चिडलेल्या होत्या. मी मागच्या बाकावर, प्रेक्षकांत. इराला शेजारणीकडे ठेवलं होतं.

देवधरबाईंनी शपथ घेतली, जे बोललं जाईल ते सगळं भाषांतर करीन. ती त्यांनी फारच मनावर घेतली.

न्यायाधीशांनी फ्राऊ क्रेमरना विचारलं, तुम्ही काय विचारलंत? त्यांनी वाचून दाखवलं. नोकरीबद्दल विचारलं, उत्तर: काही नाही. कुटुंबाबद्दल विचारलं, उत्तर: काही नाही. परत जाण्याला हरकत? उत्तर: तुम्ही योग्य तेच कराल. "मी आणखी काय करणार होते?" त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

न्यायाधीश निखिलरावांकडे वळले. "तेव्हा नोकरीची बोलणी चालू होती. तुम्ही सांगितलं नाहीत. का?"

निखिलराव उभे राहिले. बसा म्हटलं तरी उभेच. मराठीत म्हणाले, "साहेब, मॅडमचं बरोबर आहे. कोर्टाला जे योग्य वाटेल ते..."

माझ्यातला वकील उसळला. हरलेली हवी असली तरी इतकी वाईट केस चालवलेली माझ्या डोळ्यांना बघवत नाही. मी मागून ओरडलो, "अहो निखिलराव, तोंड उघडा! का तोंडात शेण भरल्यासारखे उभे आहात?"

देवधरबाईंनी ते भाषांतर केलं. सगळं. शेणासकट.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे गृहस्थ कोण?"

"सासरे," देवधरबाई म्हणाल्या.

"त्यांना सांगा, ते ह्या प्रकरणात पक्षकार नाहीत. पुन्हा बोलले तर बाहेर बसावं लागेल." मग निखिलरावांना म्हणाले, "कोर्टाला काय योग्य वाटतं ते मी नंतर ठरवीन. आत्ता मला तुम्हाला काय वाटतं ते ऐकायचंय. घाई नाही."

आणि ते खरंच थांबले. घड्याळाकडे पाहिलं नाही, पुढचं प्रकरण पुकारलं नाही. इतकी शांतता मी कुठल्या कोर्टात ऐकलेली नाही.

"आमच्याकडे," निखिलराव म्हणाले, "पक्कं झाल्याशिवाय सांगत नाहीत. सांगितलं की ते होत नाही. आई म्हणाली, बोलू नकोस. मला माहितीये हे इंजिनीअरनं म्हणणं बरं दिसत नाही. पण मला भीती वाटली. तीच एक नोकरी होती."

देवधरबाईंनी सांगितलं. फ्राऊ आयदिननी कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, आता हसणार सगळे. पण फ्राऊ क्रेमर रुमालातून म्हणाल्या, "म्हणजे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देण्यासारखं." न्यायाधीशांनी गंभीरपणे मान डोलवली. केतकीनं मला नंतर सांगितलं, जर्मन माणसाला वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर तो घाबरतो, अपशकुन मानतो. कायद्याची एवढी पुस्तकं चाळली आणि केस तिथे येऊन सुटू लागली!

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि परत जाण्याला हरकत नाही, असं का म्हणालात?"

निखिलरावांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माझे सासरे मागे बसलेत. त्यांनी नाशिकला सगळी तयारी केलीय. नोकरी बघितलीय, शाळा बघितलीय. ते माझ्या वडिलांच्या जागी आहेत. मला त्यांना 'नाही' म्हणता येत नाही, तसंच मॅडमना पण 'नाही' म्हणता आलं नाही. पण मला नाही जायचं. केतकीलाही नाही जायचं. ती रडते रोज, पण बाबांना सांगत नाही."

मी केतकीकडे पाहिलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. देवधरबाई तेच सगळं पुन्हा जर्मनमध्ये सांगत होत्या, आता जरा हळू आवाजात. मला उठून सांगायचं होतं की मला कुणी विचारलंच नाही, मला माहीत असतं तर... पण मी पक्षकार नव्हतो. 

"आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो," निखिलराव म्हणाले, आणि बोलत राहिले. इराची शाळा, तिची मैत्रीण, केतकीची परीक्षा, ती नवी कंपनी किती लहान आहे आणि तिथल्या यंत्रात काय सुधारायचंय ते. ब्रेकबद्दल तर इतकं सांगितलं की देवधरबाईंना दोनदा थांबवावं लागलं. हा माणूस एवढा बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

फ्राऊ क्रेमर परवानगी घेऊन बाहेर गेल्या, वरिष्ठांना फोन करून आल्या. म्हणाल्या, "हे मला तेव्हा सांगितलं असतं तर मी तो निर्णय लिहिलाच नसता. ऑफिस निर्णय मागे घेतं. नव्या नोकरीसकट पुन्हा तपासू. तोपर्यंत परवानगी कायम, कामाचीसुद्धा, तसं कागदावर देते." न्यायाधीशांनी हातातल्या यंत्रात ते सगळं बोलून घेतलं, मग यंत्रातून सगळ्यांना ऐकवलं, मान्य आहे ना विचारलं. सगळे म्हणाले मान्य. मला कुणी विचारलं नाही. एका तारखेत संपलं.

बाहेर पडल्या पडल्या फ्राऊ आयदिन कंपनीला फोन लावायला धावल्या. निखिलराव मात्र माझ्यासमोर आले आणि भर कॉरिडॉरमध्ये वाकून पायांवर हात ठेवले. कोर्टाचा शिपाई लगबगीनं आला, साहेबांचं काही पडलंय का, शोधायला मदत करू का, असं त्यानं केतकीला विचारलं. ती हसत होती आणि रडत होती.

"बाबा, चुकलं माझं," निखिलराव म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणायचं काय ते ठरलेलं असतं, पण मला ते येईना. शिपाई उभा राहून बघत होता. शेवटी म्हणालो, "इथंच राहा. सुखात राहा." केतकीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, लहानपणी शाळेतून आल्यावर टेकायची तसं.

ते दोघं सह्या करायला आत गेले. मी बाकावर बसलो आणि नाशिकला फोन लावला. आमची ही फोन हातात धरूनच बसली असणार, पहिल्या घंटीला उचलला.

"काय झालं हो?"

"जिंकलो," मी म्हणालो.

 मग ती म्हणाली, "म्हणजे नाही येत ना ती?"

"नाही येत."

"बरं झालं हो," ती म्हणाली. "पोरीच्या मनासारखं झालं ना, मग बरं झालं." आणि मग ती तिकडे आणि मी इकडे, त्या स्वच्छ पांढऱ्या कोर्टात, दोघंही रडलो.